गंजिफा : शृंगार आणि खेळ

टॅरोच्या पत्त्यांवर रंगीत खडे चिकटवून ते सजविण्याचा छंद पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या नगरींत कोणी हौसेनें जोपासत असेल, तर त्यानें सावंतवाडीची गंजिफा एकदां अवश्य हातांत घेऊन पाहावी.

दरबारी गंजिफा हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या पाठीच्या असत. कांहींवर रत्नेंही जडवीत. सामान्यांच्या गंजिफेला मात्र कागद, चिंचोक्याची खळ, रंग आणि लाख एवढें भांडवल पुरे होई. दशावतारी गंजिफेंत दहा रंग. प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशीं एकूण १२० वाटोळीं पानें. मत्स्याचा मासा, परशुरामाचा परशु अशा खुणांवरून रंग ओळखावयाचा.

पानाचें तोंड कितीही नटवावें. पाठ मात्र सर्वांची एकसारखी हवी. एका पाठीवर जरी खूण राहिली, तरी डाव फुटला! खेळाचा हा धाक असल्यामुळेंच सजावट नेटकी राहते.

खेळ मागें पडतांच कलाहि ओसरली. तेव्हां सत्त्वशीलादेवी भोंसले वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्यापाशीं ही विद्या शिकल्या, आणि शिवरामराजे भोंसले यांच्यासह त्यांनीं सावंतवाडीच्या राजवाड्यांतच कारागिरांना काम दिलें. २०२४ मध्यें या गंजिफेला भौगोलिक मानांकनहि मिळालें.

परंतु खेळणारे हात नसतील, तर मानांकन कागदावरच राहील. हौशी माणसानें एक जोड घ्यावा, तिघांनीं बसून डाव मांडावा. मग खडा कोठें शोभतो आणि कोठें बोचतो, हें त्याचें त्यालाच उमजेल.