मोबाईल डोळ्यांच्या रेषेत धरा

तेलंगणात जहीराबादजवळच्या दलित शेतकरी बायका व्हिडिओ करायला शिकल्या. कॅमेरा समोरच्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, की त्या त्याला ‘संघम शॉट’ म्हणतात. कारण संघमात, म्हणजे आपल्यासारख्या गटात, सगळ्या बरोबरीच्या. वरून धरला, तर बाई बिचारी दिसते.

गटातली एखादी पहिल्यांदाच बोलणार असेल, तर पंखा, टीव्ही बंद करून तिच्यासमोर बसा. सगळा जन्म सांगायला लावू नका. एकच दिवस विचारा: पहिलं कर्ज हातात आलं, तेव्हा घरी कोण काय म्हणालं? ती थांबली, तर थांबू द्या. दोन-तीन मिनिटं पुरेत.

व्हिडिओ आधी तिलाच दाखवा. ‘एवढं काढ’ म्हणाली, तर काढायचं. गोष्ट तिची आहे.