डफ कोणाचा?

(वार्षिक संमेलनातील भाषण)



संमेलनासाठी मुलांचे गाणे बसवायचे ठरले की एक प्रश्न हमखास निघतो. हे गाणे आपले की दुसऱ्यांचे? या प्रश्नाचा विचार आज आपण स्पॅनिश भाषेच्या मुलखातील संगीताच्या आधारे करू. मुलूख दूरचा खरा, पण त्याची एक खूण आपल्या ओळखीची आहे.

शाहिराच्या हातातला डफ आपण पाहिलाच आहे. अरबीत त्याला 'दुफ्फ' म्हणतात. इ. स. ७११ मध्ये अरब व बर्बर लोक स्पेनमध्ये उतरले आणि तेथील मुस्लिम सत्ता १४९२ पर्यंत टिकली. त्यांच्याबरोबर वाद्येही गेली. 'अल्-ऊद' तेथे 'लाऊद' झाला आणि डफाचा 'अदुफे' झाला. सत्ता गेली, पण डफ राहिला. स्पेन-पोर्तुगालच्या काही खेड्यांत स्त्रिया आजही चौकोनी 'अदुफे' वाजवतात.

पुढे स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडाचा मोठा भाग जिंकला. तेथील आदिवासींवर जुलूम झाला आणि आफ्रिकेतून माणसे गुलाम करून नेली गेली. या दुःखातून जी गाणी निपजली, त्यांपैकी एक प्रकार म्हणजे कोलंबियाचा 'वायेनातो'. त्यात तीन वाद्ये मुख्य. अकॉर्डियन युरोपचे, 'काहा' हा ढोल आफ्रिकेच्या वळणाचा, आणि खाचांवर घासून वाजवायची 'ग्वाचाराका' तेथल्या आदिवासींची. गुराख्यांची गाणीही त्यात मिसळली. तिन्हींमधून एक काढले तर वायेनातो उरत नाही.

आता आपल्या झाडीपट्टीकडे या. धान निघाले, मंडई भरू लागली की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि नाटक रात्रभर चालते. त्यातली पेटी मूळची कोठली? १८४० च्या सुमारास फ्रान्समध्ये हार्मोनियम तयार झाले. अकॉर्डियनप्रमाणेच त्यातही हवेने रीड वाजते. परकी म्हणून तिला कोणी परत पाठवले नाही. गडचिरोली जिल्ह्यातील झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव देशभर झाले.

तात्पर्य, दुसऱ्याचा हात लागल्याने गाणे बाटत नाही. शिकणारा मिळाला नाही की ते मरते. वायेनातोसारखे लोकप्रिय संगीतही युनेस्कोला २०१५ मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घालावे लागले. मग आपली दंडार, गोंड बांधवांची रेला गाणी, आपल्या घरच्या लग्नांतील हळदीची गाणी यांची काळजी कोणी करायची?

पालकांनो, वाद्याविषयी घराघरांत मते वेगळी आहेत. तो निर्णय ज्याचा त्याने करावा. परंतु आजीच्या तोंडचे गाणे वहीत उतरवण्यास कोणाची हरकत असू नये. 'अभ्यास सोडून हे काय?' असे म्हणू नका, कारण हाही अभ्यासच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुटीत प्रत्येकाने एक तरी गाणे लिहून आणा. दादी-नानीचे आणा, शेजारच्या गोंड आजोबांचे आणा. गोंडी, झाडीबोली, उर्दू किंवा सिरोंचाकडची तेलुगू, कोणतीही भाषा चालेल. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि गाणे कोणत्या प्रसंगी म्हणतात, एवढे मात्र खाली अवश्य लिहा. गाणारा गेल्यावर हे सांगणारे कोणी उरत नाही.

डफ कोणाचा, असे कोणी विचारलेच तर सांगा, जो वाजवील आणि पुढच्याला शिकवील त्याचा.