किलोमीटर सोडा, तास मोजा



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, अध्यात्म आणि आरोग्य हे विषय ठरलेले असतात. यंदा संयोजकांनी गाडीच्या देखभालीवर बोलायला सांगितलं. त्याचं कारण सभागृहाबाहेरच उभं आहे. कल्याणची एमएच-०५ ही पाटी लावलेल्या उंच बांध्याच्या छोट्या एसयूव्ही तिथे रांगेत लागल्या आहेत. नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगावची, एक्सयूव्ही-३०० नाशिकची, शिवाय ब्रेझा आणि व्हेन्यू. कंपनीने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तरी मालकांनी निगुतीने सांभाळलेली एखादी इकोस्पोर्टही त्यांत दिसेल.

या गाड्यांचा जन्म करांच्या कोष्टकात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. अट अशी होती की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. जीएसटीतही ती मोजमापं टिकली. सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीतल्या गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीला ४० टक्के कर आहे. पेट्रोल ब्रेझा लांबीत बसते, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती बाहेर राहते. लोकांना उंच, भारदस्त गाडी हवी होती आणि इंजिन लहान ठेवायचं होतं. मग कंपन्यांनी पुष्कळ ठिकाणी तीन सिलिंडरला टर्बो जोडला. लहान इंजिनाकडून जास्त काम करून घ्यायचं, तर ऑइल आणि कूलंट यांच्याबाबत हयगय चालत नाही.

आता कंपनीचं पुस्तक उघडा. ऑइल बदलायचा आकडा गाडीनुसार १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असतो. दोन्हींपैकी जे आधी येईल, ते धरायचं. हे पान सगळे वाचतात. पुढचं पान कोणी वाचत नाही. त्यावर 'कठीण परिस्थिती' अशा अर्थाचा मथळा असतो. सतत थांबत-सुरू होत चालणारी गाडी, धूळ, लहान फेऱ्या, बराच वेळ नुसतं चालू ठेवलेलं इंजिन, अशी यादी असते. अशा गाडीचं ऑइल लवकर बदला, पुष्कळदा निम्म्या अंतरावर बदला, असं तिथे सांगितलेलं असतं. श्रोतेहो, ही यादी म्हणजे आपला कल्याण-बदलापूर रस्ता. ती कंपनीला अपवाद वाटते, आपल्याकडे तो रोजचा नेम आहे.

हिशेब करून पाहू. महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने धावणारी गाडी १०,००० किलोमीटर १६७ तासांत कापते. काटई नाका आणि शीळफाट्याच्या गर्दीतून ताशी २० च्या सरासरीने जाणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतराला ५०० तास लागतात. काट्यावरचा आकडा एकच, पण दुसऱ्या गाडीचं इंजिन तिप्पट वेळ फिरलं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की गाडी किती चालली यापेक्षा इंजिन किती तास फिरलं ते पाहा.

आपल्याकडे दुसऱ्या तऱ्हेचा मालकही भरपूर आहे. तो लोकलने मुंबईला जातो. गाडी घरापासून बदलापूर किंवा अंबरनाथ स्टेशनपर्यंत दोन-तीन किलोमीटर जाते आणि रात्री परत येते. त्याला वाटतं, आपली गाडी वापरातच नाही. खरं तर तिचे हाल जास्त. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, आतला ओलावा उडून जात नाही, न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं आणि स्टार्ट करताना बॅटरीतून गेलेली वीज भरून निघत नाही. एक एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ डिझेल असेल, तर डीपीएफची भर पडते. धुरातली काजळी अडवणारी ही जाळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला काजळी जाळून स्वतःला साफ करते. स्टेशनच्या फेरीत ती उष्णता येतच नाही. अशा वेळी डॅशबोर्डवर दिवा लागतो. बहुतेक गाड्यांत तो पेटल्यावर पंधरा-वीस मिनिटं ६० च्या वर सलग चालवली की काम होतं. आता आमण्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो. महिन्यातून एखाद्या रविवारी तिकडे मोकळी धाव द्या. दिवा लागूनही गाडी तशीच रेटली, तर खर्च हजारांवरून लाखाकडे जातो.

ऑइलची पट्टी बघायला मेकॅनिक लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. पट्टी ओढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, मग ओढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खाली असेल तर ऑइल जळतंय किंवा गळतंय. डिझेल गाडीत ते वरच्या खुणेच्याही वर चढलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डीपीएफची सफाई अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. 'ऑइल वाढलं, म्हणजे बरंच झालं' असं म्हणून बोनेट लावू नका. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बोचं बेअरिंग जगत नाही.

ऑइलच्या डब्यावरचा ग्रेडही पाहा. डीपीएफ असलेल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी जळून जाते, पण ऑइलची राख जाळीत कायमची साठते. इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात तर टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजत फिरतो. चुकीच्या ऑइलने तो झिजतो, त्याचे कण ऑइलच्या वाटेत अडकतात आणि इंजिनच बसतं. 'सगळी ऑइलं सारखीच' म्हणणाऱ्या गॅरेजमधून अशी गाडी तेवढ्याच सहजपणे बाहेर काढा.

आता नेहमीच्या कुरबुरी. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर गाडी हळू चालवताना पुढून 'टक-टक' ऐकू येतं. बहुधा लिंक रॉड किंवा सस्पेन्शनचे बुश सैल झालेले असतात. काम स्वस्तातलं आहे, पण टाळलं तर टायर एका कडेने झिजतो. क्लचचं दुखणं उड्डाणपुलाच्या चढावर सुरू होतं. तिथे हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय सोडा आणि हँडब्रेक लावा. एएमटी आणि कोरड्या क्लचची डीसीटी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही तेच, फक्त क्लच मशीन दाबतं. जॅममध्ये इंच-इंच सरकवत राहिलात तर तो तापतो. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग एकदम सरका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. बहुतेक गाड्यांत ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. माळशेज घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर उतरलं की ते ओलसर ऑइल उकळतं आणि पेडल खोल जातं. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी ओतू नका, क्षार साठून रेडिएटर चोंदतो.

शेवटचा मुद्दा पाण्याचा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराच्या वर प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले. जिथे रेल्वे टिकली नाही, तिथे आपला सुमारे २०० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स किती पुरणार? पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरच्या वाटेने ते सिलिंडरमध्ये शिरलं आणि तुम्ही स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्ट करू नका, ढकलूनही चालू करू नका. टोइंगची गाडी बोलवा. विम्याचंही नीट ऐका. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान भरून मिळतं, पण पाण्यात स्टार्ट केल्याने बसलेलं इंजिन कंपन्या बहुधा नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. नदीकाठच्या सोसायट्यांतल्या मंडळींनी पॉलिसीचा कागद आज घरी गेल्यावर वाचावा.

मृग लागायला फार दिवस उरलेले नाहीत. त्याआधी वायपरची रबरं, ब्रेक, बॅटरी आणि टायर तपासून घ्या. टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टायर कायद्यानेही बाद आहे. आणि गाडीच्या कप्प्यात धूळ खात पडलेलं पुस्तक काढून 'कठीण परिस्थिती'चं पान एकदा वाचा. आपल्या भागातल्या गाड्यांचं वेळापत्रक त्या पानावर आहे.