पाटीवरची भाषा

1919 साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने लहान मुलांना परकी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. रोख मुख्यतः जर्मनवर होता. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. त्याच काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बिदर-गुलबर्ग्यातलं मूल घरी मराठी किंवा कन्नड बोले, पण प्राथमिक वर्ग संपले की शिक्षण उर्दूतून. गणितातला हिशेब तोच, मांडायचे शब्द मात्र परके. कुणी म्हणेल, 1918 च्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी उर्दू या देशी भाषेला मान दिला. ते धाडस खरंच मोठं होतं, पण बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा ती नव्हती, आणि निजामी राज्यात सरकारचा कायदा रद्द करू शकेल असं अमेरिकेसारखं न्यायालय नव्हतं. म्हणून 1938 मध्ये वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना उस्मानियातून काढून टाकल्यावर त्यांतल्या अनेकांना शिक्षणासाठी नागपूर गाठावं लागलं.