युद्धाचा दोष कोणाच्या माथी?



८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून नगरची पेठ घेतली. १२ तारखेला दौलतराव शिंद्यांच्या ताब्यातला इथला किल्लाही पडला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाची ही सुरुवात. हे युद्ध लावले कोणी?

इंग्रजांचे उत्तर ठरलेले. शिंदे आणि नागपूरकर भोसले निजामाच्या सरहद्दीशी फौजा घेऊन बसले. परत जा म्हटले तरी हलले नाहीत. ३ ऑगस्टला वकील कॉलिन्स छावणी सोडून निघाला. सबब दोष त्यांचा. पण त्या दोघांनी म्हटले होते की, आम्ही बुऱ्हाणपुरास जातो, तुमच्या फौजाही आपापल्या ठाण्यांवर जाऊ द्या. ते मान्य झाले नाही.

आमचे आयुष्य युनियनच्या कामात गेले. संप झाला की काम कोणी बंद केले एवढेच विचारतात. पगारकपातीची नोटीस कधी लागली, हे विचारीत नाहीत. इतिहासातही असेच आहे. तारीख धरली की आरोपी ठरतो. ३ ऑगस्टपासून मोजा, शिंदे दोषी. ३१ डिसेंबर १८०२ पासून मोजा, तर वसईचा तह करून तैनाती फौज पेशव्याच्या गळ्यात बांधणारा गव्हर्नर जनरल वेलस्ली, म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ, दोषी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मोजा, पुणे जिंकणारे यशवंतराव होळकर. आणि १८०१ पासून मोजा, त्यांच्या भावाला, विठोजीला, हत्तीच्या पायी देणारा बाजीराव.

मग सगळेच दोषी म्हणून वही मिटवायची काय? पहिल्या महायुद्धाबाबत तसेच होऊ लागले होते. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जबाबदारी जर्मनी व तिच्या दोस्तांवर टाकली. पुढे पुष्कळ पंडित म्हणू लागले की सगळेच घसरत युद्धात गेले. १९६१ साली फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने आपल्याच सरकारची दप्तरे उघडून जर्मनीचे मनसुबे दाखविले आणि वाद पुन्हा पेटला.

तेव्हा तारखेबरोबर दोन प्रश्न विचारावेत. थांबण्याची मोकळीक कोणाला अधिक होती? आणि लढाईतून कोणाला काय हवे होते? निजाम १७९८ साली तैनाती फौजेखाली आला होता, १७९९ साली टिपू पडला होता. वेलस्लीला घाई करण्याजोगे संकट नव्हते, बेत मात्र होता. मराठ्यांनी आपले घर आपण फोडले, हा आमचा गुन्हा आम्ही लपवू नये. पण भाऊबंदकी हा एक गुन्हा आणि तिचा फायदा घेऊन घर बळकावणे हा दुसरा. पहिल्याने दुसरा माफ होत नाही.

पेठेच्या तटावर दोन्हीकडचे शिपाई मेले. त्यांना कोणीच काही विचारले नव्हते. निदान त्यांच्यासाठी हा हिशेब चोख ठेवला पाहिजे.