झाडी : हे नाव कोणी ठेवले?



बिड्या बांधणाऱ्या बायांचे एक प्रकरण घेऊन मी पुष्कळ वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील कचेरीत गेलो होतो. साहेबांनी अर्जावरचा पत्ता पाहिला आणि हसून विचारले, "झाडीतले का तुम्ही?" त्या हसण्यातच आमचे अर्धे प्रकरण निकालात निघाले होते. माझ्याबरोबरची म्हातारी बाई म्हणाली, "होय जी, झाडीतलेच. तुमच्या शिपायाच्या कानावरची बिडीबी झाडीतलीच हाये." साहेबांनी कागद पुन्हा वाचायला घेतला.

तेव्हापासून मी या नावाचा विचार करीत आलो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात. पश्चिमेकडचा वऱ्हाड म्हणजे काळी, मोकळी, कापसाची जमीन. तिकडून येणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते ते झाड. त्याला नाव सुचले ते त्यामुळेच, असे मला वाटते. आमचा भंडारा वऱ्हाडात कधी मोडला नाही. तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि ते राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. पुढे मध्यप्रांत, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र. सरकारे बदलली, झाडी मात्र राहिली.

परंतु झाडी म्हणजे केवळ रान, ही समजूत खोटी आहे. हा तलावांचा मुलूख आहे. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांचा. तो अडविल्याशिवाय धान पिकत नाही. म्हणून उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालून पाणी धरण्याची विद्या येथील कोहळी समाजाने हस्तगत केली. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला असे सांगतात. पाटलांचे नाव राहिले हे चांगलेच झाले. टोपलीने माती वाहणाऱ्यांपैकी एकाचेही राहिले नाही.

आणि पुढची गंमत पाहा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. कागदावर त्यांचे नाव झाले 'माजी मालगुजारी तलाव', आणि त्याचे लघुरूप 'मामा तलाव'. ज्याची मालकी गेली त्याचे नाव पाण्याला चिकटले. ज्याने खणले तो कोठेच नाही! मामा म्हणताना भाचे कोण, हे आपण कधी विचारले आहे काय?

असाच एक प्रदेश इटलीच्या दक्षिणेस आहे. त्याला दोन नावे. जुने नाव लुकानिया. लॅटिनमधील वनराई या अर्थाच्या शब्दावरून ते आले, असे एक मत आहे. म्हणजे तीही झाडीच! दुसरे बासिलिकाता, हे बायझंटाइन बादशहाच्या अंमलदारांवरून पडले असे मानतात. एक नाव रानाचे, एक कचेरीचे. मुसोलिनीच्या राजवटीने १९३२ मध्ये पुन्हा लुकानिया हे नाव लावले, आणि युद्धानंतर ते काढून परत बासिलिकाता केले. माणसे मात्र स्वतःला आजही लुकानीच म्हणवितात. कार्लो लेव्ही या लेखकाला १९३५ मध्ये त्या मुलखात हद्दपार केले होते. त्याने तेथील दारिद्र्यावर लिहिलेले पुस्तक जगभर गेले. मुलखाचे नाव झाले, पण ते दारिद्र्याचे. मला ते पुरेसे वाटत नाही.

आपल्याकडे एक चांगली गोष्ट घडली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी येथील बोलीचा अभ्यास केला आणि तिला झाडीबोली हेच नाव अभिमानाने दिले. 'पाणी'ला 'पानी' म्हटले म्हणून शाळेत ज्यांनी छड्या खाल्ल्या, त्यांत मीही होतो. ती चूक नव्हती, तो आमच्या बोलीचा नियम होता, हे मला पन्नाशीत कळले.

आता आपल्या आंधळगावाचे पाहा. नावावरून परक्याला काहीही वाटो, येथल्याइतके डोळस काम थोड्याच गावांत चालत असेल. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर किडा कोसला करतो, त्याचा धागा निघतो आणि आपले कोष्टी बांधव हातमागावर कोशाचे वस्त्र विणतात. झाडावरचा किडा ते अंगावरचे लुगडे, सारी वाट हातांची आहे. दुकानात गेल्यावर त्याला 'टसर' म्हणतात. मागच्या आठवड्यात एका विणकर भावाने मला विचारले, "पट्टीवर दुकानदाराचं नाव असते, मग गावाचं का नसते?" सभेनंतर तो येथेच थांबणार आहे. ज्यांना त्याच्या अर्जावर सही करायची असेल त्यांनी थांबावे.