तणावाची खातेवही



मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. मला हिशेब तेवढा कळतो. म्हणून तणावाविषयीही हिशेबाच्याच भाषेत बोलण्याची अनुज्ञा असावी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा आमच्या तळघरातील ताकेच्या ताके भिजले. पाणी ओसरले, चिंता ओसरली नाही. पाठोपाठ टाळेबंदी आली, उधारी थकली. पहाटे तीनला जाग येई, क्षुल्लक कारणावरून दुकानातील माणसांवर आवाज चढे. घरच्यांनी विचारले की 'काही नाही' हे उत्तर ठरलेले. अखेर मुलाने फोनला जोडलेले घड्याळ मला दिले आणि महिन्याने त्यातील नोंदी पुढे ठेवल्या. झोप पाच तासांहून कमी, चालणे जवळजवळ बंद! माणसांना टाळता आले, खातेवहीला टाळता आले नाही.

या नोंदी होतात कशा? फोनमधील संवेदक आपली हालचाल टिपतो. घड्याळातील हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहाच्या चढउतारावरून नाडी मोजतो. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात २०१३ साली ४८ विद्यार्थ्यांच्या अशा नोंदी फोनद्वारे दहा आठवडे ठेवण्यात आल्या. सत्र पुढे सरकले, अभ्यासाचा भार वाढला, तसा तणाव वाढला आणि झोप, संभाषण व हालचाल घटली. लग्नसराईत आणि मार्चअखेरीस आपल्या पेढ्यांवर याहून वेगळे काय घडते?

मात्र यंत्राचा अंदाज म्हणजे निदान नव्हे. नाडी चिंतेने वाढते, तशी जिना चढल्यानेही वाढते. मुनीम नोंद ठेवील. निर्णय मालकानेच घ्यायचा असतो. शिवाय आपण आपली खातेवही परक्याच्या हाती देत नाही. तीच सावधगिरी एखाद्या ॲपला परवानगी देताना बाळगावी. आणि रात्री उशिरापर्यंत तोच फोन चाळत बसलो, तर औषधच आजार ठरेल.

त्या नोंदी घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब वाढलेला निघाला. उपचार सुरू झाले, रंकाळ्यावरील सायंफेरी सुरू झाली. परंतु खरा भार हलका झाला तो थकलेल्या उधारीचा आकडा पत्नीला सांगितला त्या रात्री. तो आकडा कोणत्याही घड्याळात उमटला नव्हता.

ज्यांना घरी बोलणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही बोलता येते. फोनचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

वर्षाअखेरीस आपण मालाची मोजदाद करतो. वर्षातून एकदा तरी स्वतःचीही करावी आणि तूट दिसली तर ती लपवू नये, एवढीच नम्र विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय जिनेंद्र.